इंजिन शेवटी बघा

पनवेलमध्ये जुनी छोटी गाडी बघायला गेलेला माणूस बहुधा आधी बोनेट उघडतो. गाडी चालू करायला लावतो, कान देऊन ऐकतो, दोनदा ॲक्सिलरेटर दाबून बघतो आणि ‘मशीन चांगलं आहे’ असा निर्वाळा देतो. त्यानंतर बोलणी सुरू होतात ती थेट किमतीची. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. अल्टो, वॅगनआर, सँट्रो, आय-टेन या गाड्यांची इंजिनं खोलून परत बसवणारे मेकॅनिक इथे गल्लोगल्ली आहेत. सुटे भागही सहज मिळतात आणि काम किती रुपयांचं ते आधी सांगता येतं. जे दुरुस्त होत नाही, किंवा केलं तरी पुन्हा उपटतं, ते तीन गोष्टींत असतं: गंजलेल्या पत्र्यात, पाण्यात बुडालेल्या वायरिंगमध्ये आणि अडकलेल्या कागदांत. पनवेलमध्ये या तिन्ही गोष्टी इतर गावांपेक्षा जास्त डोळे उघडे ठेवून बघाव्या लागतात.

त्याचं कारण या गावाच्या जागेत आहे. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला गाढी नदी. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शिवाय सायन-पनवेल महामार्ग, पुण्याकडचा जुना रस्ता, कळंबोलीहून सुटणारा द्रुतगती मार्ग आणि पळस्प्याहून कोकणात उतरणारा गोवा महामार्ग इथेच एकत्र येतात. त्यामुळे विकायला येणाऱ्या गाड्या चारी दिशांच्या असतात. एमएच ४६ ही पनवेलची पाटी, पण तिच्या बरोबरीने वाशीची ४३, पेणची ०६, मुंबई-ठाण्याच्या ०१ ते ०४, पुणे आणि पिंपरीची १२ व १४, रत्नागिरीची ०८ असे सगळे क्रमांक बघायला मिळतात. पाटीवरून गाडी कशी वापरली गेली याचा पहिला अंदाज बांधता येतो. मुंबईच्या गाडीची क्लच प्लेट गर्दीत घासलेली असण्याची शक्यता जास्त. पुण्याच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा सहसा बरा असतो. कोकणातल्या गाडीचा खालचा भाग गुडघे टेकून बघायलाच हवा. मात्र पाटी फक्त पहिली नोंदणी कुठे झाली ते सांगते. गाडीने शेवटची चार-पाच वर्षं कुठे काढली, उघड्यावर की छपराखाली, हे मालकाला वेगळं विचारावं लागतं.

पाण्यापासून सुरुवात करू. २६ जुलै २००५ चा पाऊस या भागातल्या लोकांना सांगावा लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पनवेल परिसरातही घरांत पाणी शिरलं. त्या दिवशी बुडालेल्या गाड्या आता बाजारात नाहीत. पण २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड आणि चिपळूणमध्ये बुडालेल्या गाड्या आजही विक्रीच्या वयात आहेत, आणि गोवा महामार्गाने त्या बाजूच्या गाड्या पनवेलच्या बाजारात येऊ शकतात. विमा कंपनी अशी गाडी ‘टोटल लॉस’ ठरवते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. कुणीतरी तो घेतो, धुतो, सुकवतो, सीटची कव्हरं बदलतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते. पहिले काही महिने ती नीट चालतेही. नंतर जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. एक दिवस पॉवर विंडो बंद पडते, दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि गाडी चालता चालता मध्येच बंद पडू लागते. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मधे, अगदी तळाशी बसवलेला असतो. म्हणजे पाणी सगळ्यात आधी जिथे पोचतं, तिथेच जीव वाचवणारी वस्तू.

हे ओळखता येतं, फक्त पंधरा मिनिटं द्यावी लागतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग पुसून स्वच्छ केलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या फुटावर गाळाची रेघ राहते. सीट पुढे सरकवून तिचा रूळ आणि बोल्ट बघा. छपराखाली बसवलेल्या या वस्तूंना गंज लागण्याचं दुसरं कारण सहसा नसतं. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. डॅशबोर्डखाली मोबाईलचा दिवा मारून स्क्रू आणि फ्यूज बॉक्स तपासा. हेडलाईटच्या काचेत आतून पाण्याची खूण असेल तर विचारा. गाडीत अत्तराचा वास फारच दरवळत असेल, तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी करायला सांगा आणि मग दार उघडा. ओल लपत नाही.

प्रत्येक ओल्या गाडीमागे पूर असेलच असं मात्र नाही. पुढच्या काचेखालची जाळी पानांनी बुजते, दाराच्या तळाची भोकं मातीने बंद होतात, एसीची निथळण्याची नळी तुंबते आणि पाणी पायाशी साचतं. हे सोपे दोष आहेत. पण असं पाणी दोन पावसाळे साचलं असेल, तर गालिच्याखालचा पत्रा खाल्लेला असतो. म्हणूनच गाडी घ्यायची असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बघावी, या मताचा मी आहे. गळती तेव्हा आपोआप समोर येते. फक्त रंग आणि पत्रा बघण्यासाठी त्याच गाडीला एकदा कोरडी असताना, भर उजेडात भेटावं. ओल्या गाडीचा रंग नेहमीच छान दिसतो. पावसाळ्यातला आणखी एक उपद्रव म्हणजे उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरी ते कुरतडतात. बोनेटखाली काळ्या टेपने गुंडाळलेल्या जागा किती आहेत ते मोजा.

खाडीच्या हवेत पत्रा आतून जातो. बाहेरच्या दारावर बुडबुडा दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या शॉकॲब्जॉर्बरचा वरचा टोप, दारांखालची लांब पट्टी, मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड, पेट्रोल भरायच्या नळीचं तोंड आणि डिकीच्या तळाचे सांधे. गाडीच्या पोटाला नुकताच काळा डांबरी लेप दिलेला दिसला की मी सावध होतो. तो चांगल्या हेतूने दिलेला असू शकतो आणि गंज झाकण्यासाठीही. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच ठोकत जा. सशक्त पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द आवाज देतो. गॅरेजवाले ज्याला ‘लांबी’ म्हणतात तो पुट्टीचा थर शोधायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर जाड थर आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चिकटणार नाहीच, तेवढं लक्षात ठेवावं.

अपघाताचं तसंच. दारावरचा ओरखडा, बदललेला बंपर यांना मी महत्त्व देत नाही. मुंबईच्या आसपास चाललेल्या गाडीला ते असणारच. प्रश्न असतो रेडिएटर धरणारी पुढची चौकट, चाकांच्या बाजूचे ॲप्रन, दारांचे खांब आणि चासीच्या दोन दांड्या यांचा. कंपनीने मारलेले वेल्डिंगचे टिपके सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे गोल असतात. गॅरेजमधलं वेल्डिंग खडबडीत दिसतं. बोनेटच्या आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने फिरवले असतील तर त्यांच्या कडांवरचा रंग उडालेला असतो. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा छाप आणि जवळजवळ तेच वर्ष असायला हवं. एखादीच वेगळी निघाली तर तिथे काय झालं होतं, हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे.

विम्याच्या कागदातही एक खूण दडलेली असते. नो क्लेम बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होतो आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोचतो. गाडी सहा वर्षांची, मालक पहिल्यापासून एकच, विमा कधी खंडित नाही, आणि तरी पॉलिसीवर बोनस शून्य किंवा वीस टक्के असेल, तर अलीकडे दावा झालेला आहे. तो कशाचा, हे विमा कंपनीकडून मालकाला काढून देता येतं. ‘एकही ठोकर नाही’ असं सांगणाऱ्याला हा कागद दाखवायला सांगावा.

मीटर मागे फिरवणं डिजिटल आकडे आल्यावर बंद होईल अशी समजूत होती. ते बंद झालं नाही, उलट लॅपटॉपने सोपं झालं. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी चकचकीत आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलेली असेल, तर आकड्यापेक्षा या तिघांवर विश्वास ठेवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा क्रमांक दिला की मालकाला जुन्या नोंदी मिळतात आणि त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर असतं. पनवेलमध्ये आणखी एक चौकशी करावी: गाडी आधी पिवळ्या पाटीवर होती का? सीएनजीवरच्या वॅगनआर मुंबई-पनवेल फेऱ्या करून करून दोन-तीन लाख किलोमीटर चाललेल्या असतात आणि नंतर खासगी नोंदणीत येतात. हा बदल आरटीओच्या नोंदीत राहतो. टॅक्सी होती म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही, पण किंमत टॅक्सीचीच द्यावी.

आता इंजिनाकडे येऊ. एकच अट आधी घालायची: आपण पोचेपर्यंत गाडी चालू करायची नाही. बोनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करा, कारण थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू होताना निळसर धूर आला तर पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तेल सोडत आहेत. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. कूलंटच्या बाटलीत स्वच्छ रंगीत द्रव असावं. गंजलेलं तांबूस पाणी असेल तर मालकाने रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय. ॲल्युमिनियमचं हेड असलेल्या छोट्या इंजिनाला याने सगळ्यात जास्त इजा होते. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर पाणी आणि तेल एकत्र येत असल्याची शंका घ्यावी. पावसाळ्यात फक्त दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही असा पातळ थर जमतो, म्हणून डिपस्टिकवरचं तेल बघूनच निकाल द्यावा.

टायमिंग बेल्ट की चेन, हे विकत घेण्याआधी माहीत असायला हवं. ८०० सीसीच्या जुन्या अल्टोत आणि १.१ लिटरच्या सँट्रो व आय-टेनमध्ये रबरी बेल्ट आहे. के-सिरीजच्या मारुतीत आणि ह्युंदाईच्या १.२ लिटर कप्पामध्ये चेन आहे. बेल्ट गाडीनुसार साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो. बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरूनच भाव करावा, कारण तुटलेला बेल्ट कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकवून जातो. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलमध्ये चेन आहे, पण तेल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती ताणली जाते आणि थंड असताना खडखडते. २०२० साली बीएस-६ हे धुराचे कडक निकष आल्यावर मारुतीने डिझेल सोडलं, तेव्हा ही डिझेल स्विफ्ट आता वयाने मोठीच मिळणार. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणारा नसाल तर तिच्या टर्बो, इंजेक्टर आणि पंपाचा खर्च अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीएनजी गाडी पेट्रोलवरही चालवून बघावी. अनेक मालक टाकीत जेमतेम चार लिटर ठेवतात, आणि त्याने पेट्रोल पंप व इंजेक्टर खराब होतात. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं नसेल तर विमा आणि पासिंग दोन्ही अडतात. गिअर आपोआप बदलणाऱ्या एएमटी गाड्या २०१४ च्या सेलेरिओपासून छोट्या वर्गात आल्या. त्यांत क्लच साधाच असतो, फक्त पाय यंत्राचा असतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी थोपवण्याची सवय मालकाला असेल तर तो क्लच लवकर जातो.

चालवून बघायला जुन्या पनवेलच्या अरुंद गल्ल्या, सायन-पनवेल महामार्ग आणि कर्नाळ्याची खिंड हा मार्ग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. गल्लीतल्या खड्ड्यांत लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्टिअरिंगचा रॅक बोलतात. काचा बंद, रेडिओ बंद. एका बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना टक-टक आवाज आला तर ॲक्सलचा सांधा गेलेला आहे. महामार्गावर ऐंशीच्या वेगाला चाकातून घुमणारा आवाज म्हणजे बेअरिंग, हातात थरथर म्हणजे चाक किंवा रिम, आणि ब्रेक लावताना थरथर म्हणजे डिस्क. खिंडीत तिसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट संपली. परतताना सिग्नलला एसी चालू ठेवून पाच मिनिटं थांबा. पळताना थंड हवा देणारा एसी उभ्या गाडीत गरम वारा देऊ लागला, तर पंखा, कंडेन्सर किंवा गॅस यांपैकी काहीतरी आहे. तापमानाचा काटाही याच वेळी बघून घ्यावा. जुन्या छोट्या गाडीत गळकी कूलिंग कॉईल हा खर्चिक दोष, कारण ती काढायला डॅशबोर्ड सोडवावा लागतो.

चावी फिरवल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅग यांचे दिवे लागून विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळीच लागला नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने अल्टो ८००, आय-टेन, नॅनो, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या भारतीय आवृत्त्या आदळून बघितल्या, तेव्हा प्रौढ प्रवाशाच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार मिळाले. एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकाची एअरबॅग त्याच जुलैपासून सक्तीची झाली. घरातली माणसं घेऊन पळस्प्यापुढे जाणाऱ्याने त्यानंतरची गाडी घ्यावी. थोडी जास्त चाललेली असली तरी चालेल. कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांचीही चौकशी करावी. जुलै २०२० मध्ये मारुतीने इंधन पंपासाठी १,३४,८८५ वॅगनआर आणि बलेनो बोलावल्या होत्या. चासी क्रमांकावरून ते काम झालं की नाही हे सर्व्हिस सेंटर सांगतं आणि ते काम फुकट असतं.

भारतातून बाहेर पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. शेव्हरोलेची विक्री २०१७ ला थांबली, फोर्डने २०२१ ला उत्पादन आवरतं घेतलं, डॅटसन २०२२ ला संपली. फिगोची चालण्याची गुणवत्ता मला आजही आवडते, पण पहिलीच गाडी घेणाऱ्याने, जिचा हेडलाईट शोधायला कुर्ल्याला जावं लागेल अशी गाडी घेऊ नये.

कागद सगळ्यात आधी बघायचे, पण लिहितोय शेवटी, कारण पैसे देण्याच्या क्षणी हेच विसरले जातात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. ई-चलनं गाडीच्या क्रमांकावर ऑनलाइन दिसतात. ती विक्रेत्याने भरायची. चासी क्रमांक कागदावर आणि पत्र्यावर जुळवून बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते. चौदा वर्षांची गाडी घेतली तर पुढच्याच वर्षी नूतनीकरण, पर्यावरण कर आणि दुरुस्ती येणार. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फीच सहाशेवरून पाच हजार झाली आहे. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या देखण्या गाड्या इकडे येतात. त्यांच्यासाठी ना-हरकत पत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक हे सगळं लागतं. ती रक्कम आधी विचारून घ्यावी, मगच ‘स्वस्त’ म्हणावं.

भावाबद्दल एवढंच की २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला आणि नव्या गाड्या उतरल्या. त्याआधीच्या किमती धरून जुन्या गाडीचा भाव सांगणाऱ्याशी घासाघीस करायला जागा आहे.

आणि विकणाऱ्यासाठीही एक गोष्ट, कारण आज घेणारा उद्या विकणाराच असतो. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून एजंटाच्या हाती देणं म्हणजे गाडी नावावरून गेली असं नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावरच येते. म्हणून चावी देता-घेताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेल्या पावतीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, विमाही चौदा दिवसांच्या आत नव्या नावावर करून घ्यावा आणि नाव बदललेली आरसी दिसेपर्यंत ठरलेल्या रकमेतला थोडा भाग राखून ठेवावा.